जनगणनेत 'रशिया', घरात जर्मन

सुनीताताई, तुमच्या जावयांचे अमेरिकेतल्या कॅन्ससचे पूर्वज घरात जर्मन बोलायचे, तरी जनगणनेत जन्मस्थान 'रशिया' लिहिलंय. ही बहुधा चूक नाही. ते रशियातल्या व्होल्गा नदीकाठचे जर्मन असावेत. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनने १७६३मध्ये परदेशी शेतकऱ्यांना जमीन आणि सैन्यभरतीतून सूट देऊ केली, म्हणून हे लोक तिकडे गेले. १८७४मध्ये सक्तीची भरती त्यांनाही लागू झाली. म्हणून १८७६पासून त्यांची कुटुंबं कॅन्ससच्या एलिस काउंटीत उतरली आणि नव्या गावांना व्होल्गावरच्या गावांचीच नावं दिली. त्यामुळे गावाचं नाव आधी शोधा.

त्या माळावर झाडं नव्हती. कुंपणाचे खांब चुनखडीच्या दगडातून काढायचे आणि चुलीत शेणाच्या वाळवलेल्या विटा जाळायच्या. गोवऱ्याच की! हे वाचलं तेव्हा मला ती माणसं एकदम जवळची वाटली.

जमीन १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली (म्हणजे तिथे राहून ती कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) मिळाली असेल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून तिची फाइल जरूर मागवा. किती एकर नांगरली, घर केवढं, विहीर आहे का, सगळं त्यात सापडतं. साक्षीदारांची नावंही टिपून ठेवा, ते बऱ्याचदा शेजारी किंवा सोयरेच असतात.