हेडर टाकी टाकली की पंप लागत नाही, हे कोणी सांगितलं?

सोनेगावकर
परवा हिंगण्याच्या शेडमध्ये लो-विंग (पंख खाली असलेलं) विमान बांधणाऱ्या भाऊंनी लिहिलं की पंखातल्या टाक्या आणि त्यावर दोन-दोन पंप हा सगळा फालतू वजनाचा कारभार आहे, पॅनेलमागे, कार्ब्युरेटरच्या वर, एक हेडर टाकी टाका, ग्रॅव्हिटीवर इंजिन चालतं, ग्रॅव्हिटी कधी फेल होत नाही. खाली वा वा करणारे बरेच दिसले म्हणून सविस्तर लिहितोय.

ग्रॅव्हिटी फेल होत नाही, बरोबर. पण ती प्रेशर किती देते ते कोणी काढलं का? पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरच्या अर्धा मीटर वर धरली तरी ०.०३५ बारच्या आसपास मिळतं. रोटॅक्स ९१२ इंजिनाला किमान ०.१५ बार पाहिजे. आणि तो अर्धा मीटरही जमिनीवरचा, चढताना नाक वर गेलं की इंजिन वर जातं आणि मागची टाकी त्याच्या मानाने खाली येते, म्हणजे सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच उंची कमी.

दुसरं, इंजिनवरचा मेकॅनिकल पंप पुरतो म्हणणाऱ्यांसाठी. लो-विंगमध्ये टाकी खाली, पंप वर, म्हणजे तो ओढतो. ओढलं की लाइनमधलं प्रेशर पडतं, प्रेशर पडलं की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, आणि वाफ ओढायला तो पंप बनलेलाच नाही. आपल्याकडे नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, त्यात काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत काय होत असेल विचार करा. इलेक्ट्रिक पंप खाली, विंग रूटजवळ (पंखाच्या मुळाशी) पाहिजे, ढकलायला. कूलरचा पंप आपण टाकीच्या तळाशी पाण्यात ठेवतो की वर खिडकीला टांगतो?

हिंगणा_शेड
माझ्याच पोस्टवर आले तर मीच उत्तर देतो. भाऊ, सोनेक्स विमान लो-विंगच आहे ना? फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) मागे प्लास्टिकची एक टाकी, सरळ ग्रॅव्हिटी. केआर-२ विमानात पण हेडर टाकी. ते लोक काय येडे हायेत का? पंप आला की वायर आली, फ्यूज आला, स्विच आला, बॅटरीवर भरोसा आला, जेवढ्या वस्तू तेवढं लफडं वाढून रायलं. मी तीन वर्षांपासून हातानं रिव्हेट मारून रायलो, घरात बसून आकडे काढत नाही.

सोनेगावकर
सोनेक्सवाले फोक्सवॅगन इंजिनावर ग्रॅव्हिटीला चालणारा कार्ब्युरेटर लावतात म्हणून त्यांचं जमतं. तुम्ही मागच्या महिन्यात स्वतःच रोटॅक्सचा फोटो टाकला होता. डिझाइन एकाचं, इंजिन दुसऱ्याचं, आणि टाकी तिसऱ्याची, असं एकत्र केलं की त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

धरमपेठची_ताई
मला प्रेशरपेक्षा वेगळीच भीती आहे. हेडर टाकी म्हणजे गुडघ्यांच्या वर पेट्रोल. शेतात उतरावं लागलं, धुऱ्याला चाक अडकलं, टाकी फुटली तर ते सगळं मांडीवर येतं. पंखातली टाकी निदान माणसापासून लांब असते.

पण पंखात टाक्या घेतल्या की सिलेक्टर (कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ती कळ) आला, आणि त्यावर कोणीच बोलत नाहीये. माझं ट्रेनिंग लो-विंग पायपरवर झालं. हाय-विंग सेस्नात 'दोन्ही' असतं तसं त्यात नाही, लेफ्ट, राइट, ऑफ, बस. कारण दोन्हीकडून एकदम ओढलं आणि एक टाकी आधी रिकामी झाली तर पंप तिथूनच हवा ओढत बसेल. एकदा क्रॉस कंट्रीत इंजिन खोकलं, माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत सरांच्या डाव्या हाताने सिलेक्टर उजव्या टाकीवर नेलेला होता. हात तिथे पोचला म्हणून आज लिहितेय. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये विमान कोसळून गेला, ते आठवा. त्याच्या लाँग-ईझेड विमानाच्या मूळ ड्रॉइंगमध्ये सिलेक्टर पायांच्या मध्ये होता, बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. डेन्व्हरने विमान बांधलंही नव्हतं, विकत घेतलं होतं. दुसऱ्याच्या सोयीपायी जीव त्याने दिला.

वर्धारोड
व्हेपर लॉकचं (लाइनमध्ये वाफ होऊन पेट्रोल अडतं त्याचं) सांगतो. बाबांची फियाट होती, मे महिन्यात बुटीबोरीच्या पुढे गेलो की हमखास बंद पडायची. बाबा बॉनेट उघडायचे, दुपट्टा पाण्यात पिळून फ्यूएल पंपावर गुंडाळायचे, फस्स आवाज यायचा, जरा वेळाने गाडी चालू. रस्त्यावर ठीक हाय, वर दुपट्टा कोण गुंडाळणार? आणि तेव्हाचं पेट्रोल तरी पेट्रोल होतं, आता वीस टक्के इथेनॉल. माझ्या स्कूटरचा पाइप फुगून पिलपिला झाला, गॅरेजवाल्यानं हातात दाखवला, बोटानं दाबला तर चिकट लागून रायला होता.

हिंगणा_शेड
पेट्रोल तर मी पंपावरचंच वापरणार. अॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, आणायला परवडते का? रोटॅक्सला साधं पेट्रोल चालते, पुस्तकातच लिहून आहे.

जुना_एएमई
पुढचं वाक्य पण वाचा. ९१२ ला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच. २०२५ पासून आपल्या पंपावर २० टक्के आहे. घरी तपासायचं असेल तर खुणा असलेली अरुंद काचेची नळी घ्या, एका खुणेपर्यंत पाणी भरा, वरून पेट्रोल ओता, हलवा, शांत ठेवा. पाणी आणि पेट्रोलमधली रेघ खुणेच्या वर सरकली तर तेवढं अल्कोहोल पाण्यात उतरलं. हेच टाकीत होतं. ओल खेचून पेट्रोल बसतं, रात्री गार झालं की पाणी आणि अल्कोहोल वेगळं होऊन तळाशी जातं, आणि उचल तिथूनच.

फुटाळा
इथेनॉलवर सगळं खापर फोडणं बंद करा. मक्याला, उसाला भाव मिळतो तो दिसत नाही का कोणाला? माझी गाडी दोन वर्षं चालते, काही झालं नाही.

वर्धारोड
तुमची गाडी नवीन असंल. जुन्या गाडीवाल्यांनी काय करावं? पर्याय तरी ठेवा ना पंपावर! ॲव्हरेज गेला, पाइप गेला, आणि वरून आम्हालेच शेतकऱ्याचे दुश्मन ठरवून रायले. माझाच बाप शेतकरी होता.

फुटाळा
शेतकरी होता तर भावाचं महत्त्व जास्त कळायला पाहिजे.

वर्धारोड
बापावर जाऊ नका.

सोनेगावकर
दोघेही थांबा. स्कूटर बंद पडली तर माणूस कडेला उभा राहतो, इथे सोनेगावच्या रनवेवरून उठून शंभर मीटरवर इंजिन गेलं तर खाली घरं आहेत. इथेनॉलचा मुद्दा विमानाच्या बाजूने एवढाच की ते मिसळलं की वाफ लवकर धरते, आणि त्यासाठीच खालून ढकलणारा पंप पाहिजे. उतरून इंजिन बंद केलं की काउलिंगमधली उष्णता आणखी वाढते, तसंच लगेच परत उड्डाण केलं तर लाइन वाफेने भरलेली असते. म्हणून वाफ टाकीत परत न्यायला रिटर्न लाइनही पाहिजे.

हिंगणा_शेड
म्हणजे आता पंप, दुसरा पंप, रिटर्न लाइन, सिलेक्टरला परतीचा रस्ता. तुमी सांगता तसं केलं तर जोडच डझनभर. एक जोड गळला तर?

जुना_एएमई
गळतो, कारण लोक मोटार पार्ट्सच्या दुकानातून पाइपचं तोंड फ्लेअर करून (पसरवून) आणतात. गाडीचा फ्लेअर ४५ अंशाचा, विमानाच्या एएन फिटिंगचा ३७ चा. घट्ट होतो, त्या दिवशी गळत नाही, कंपनाने महिन्याभरात तडकतो. हिंगण्याचे भाऊ, तुमच्या फोटोत फायरवॉलच्या पुढचा पाइप उघडा आहे, फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण) नाही. आधी ते करा.

हिंगणा_शेड
काका, फोटो जुना हाय. स्लीव्ह आणून ठेवली.

धरमपेठची_ताई
आणून ठेवलेली स्लीव्ह आग थांबवत नाही.

हिंगणा_शेड
ताई, तुमाले शेडमध्ये यायचं आमंत्रण हाय, येऊन बोला, इथं टोमणे मारू नका.

जुना_एएमई
भांडण मोजमापाने मिटतं. ९१२ च्या शंभर हॉर्सपॉवरवाल्याला टेकऑफला ताशी २७ लिटर लागतं. पंपाच्या सिस्टिमला त्याच्या १२५ टक्के, ग्रॅव्हिटीला १५० टक्के, हा जुना नियम. म्हणजे पंपाने ताशी ३४, ग्रॅव्हिटीने साडेचाळीस लिटर. कार्ब्युरेटरजवळ पाइप सोडवा, मोजपात्रात दहा मिनिटं पडू द्या. पंपावर ५.६ लिटर, ग्रॅव्हिटीवर पावणेसात आलं पाहिजे. टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवून, आणि जास्तीत जास्त चढाईच्या कोनापेक्षा पाच अंश जास्त नाक वर करून. बाहेर उघड्यावर, बॅटरीचे निगेटिव्ह काढून, अग्निशामक जवळ.

हिंगणा_शेड
हेडर टाकी मी काढत नाही, सांगून ठेवतो. पण ग्रॅव्हिटीचा आकडा पावणेसात नाही आला तर पंप खाली घेईन. आकडा इथे टाकीन, कमी आला तरी. काका, नाक वर कशानं करायचं, शेडमध्ये क्रेन नाही.

जुना_एएमई
क्रेन कशाला. नोजव्हील असेल तर पुढचं चाक लाकडी रॅम्पवर चढवा, मेन चाकांना दोन्ही बाजूंनी खुट्ट्या, शेपटीखाली गादी घातलेला स्टँड. कोन मोबाइलने मोजू नका, लाँजरॉनवर (बॉडीच्या लांब दांड्यावर) स्पिरिट लेव्हल आणि कोनमापक ठेवा. रविवारी सकाळी दहाच्या आत करा, मी येतो. बॅटरी काढूनच ठेवा, मी आल्यावर नको. पंपाची टेस्ट वेगळ्या बॅटरीवर, लांबून.