घर बदलतोय, विमा ट्रान्सफर करू की नवा घेऊ? शनिवारी ट्रक येतोय

कृष्णाकाठचा
नमस्कार. शनिवारी सकाळी ७ ला ट्रक लागतोय, सांगली ते पुणे. सांगलीच्या घराची भारत गृह रक्षा पॉलिसी आहे, ५ वर्षांची, त्यातली ३ शिल्लक. ती पुण्याच्या पत्त्यावर करून घेऊ की नवी काढू? एजंट म्हणतो नवी काढा, ७८ लाखांची. बँकवाले म्हणतात विमा आमच्याकडूनच घ्या, नाहीतर कर्जाचा शेवटचा हप्ता सुटणार नाही. दोघांचे मिळून दिवसाला चार फोन. २०१९ ला घरात पाच फूट पाणी होतं, आता विम्याशिवाय एक रात्रही काढायची नाही. लवकर सांगा, प्लीज.

पर्वतीपायथा
सांगलीचं घर विकलं का? पुण्यात भाड्याने की स्वतःचं? पॉलिसी इमारतीची, सामानाची की दोन्हीची?

आधी_टर्म
गृहकर्ज आहे ना? मग आधी कर्जाएवढा टर्म प्लॅन घ्या. कमावता माणूस गेला तर भिंतींचा विमा काय कामाचा?

कृष्णाकाठचा
टर्म आहे हो. तो प्रश्नच नाही. फ्लॅट स्वतःचा, सिंहगड रोडला, ७८ लाख, कार्पेट ६२० चौरस फूट. पॉलिसी दोन्हीची.

पर्वतीपायथा
सांगलीच्या घराचं अजून सांगितलं नाहीत.

ठाण्याची_वैनी
आमचीही भारत गृह रक्षाच आहे. आग, पूर, भूकंप, चोरी सगळं येतं त्यात. बिनधास्त घ्या.

निवृत्त_सर्व्हेअर
वैनी, चोरीच्या भरवशावर राहू नका. आग किंवा पुरासारखी घटना घडली आणि त्यामुळे ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती मूळ पॉलिसीत येते. एरवी कुलूप तोडून कोणी शिरलं तर त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं. दागिन्यांचंही वेगळं घ्यावं लागतं.
कृष्णाकाठचा, ७८ लाखांची पॉलिसी कशासाठी? त्यात जागेची किंमत आहे, आणि जागा जळत नाही की वाहून जात नाही. विमा बांधकामाच्या खर्चाचा. दर २,५०० रुपये फूट धरला तर ६२० फुटांचे साडेपंधरा लाख. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के सामानाचं कव्हर, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, यादी न देता मिळतं. तुमच्या हिशोबात ते ३ लाख १० हजार. सामान जास्तीचं असेल तर यादी देऊन वाढवा.

सदाशिव_४११०३०
उद्या भूकंपात बिल्डिंग पडली तर साडेपंधरा लाखांत पुण्यात काय मिळतं? पार्किंग? मी पूर्ण ॲग्रीमेंट व्हॅल्यूचा, म्हणजे खरेदी करारातल्या किमतीचा विमा घेतलाय.

निवृत्त_सर्व्हेअर
बिल्डिंग पडली तरी जमिनीतला हिस्सा तुमचाच राहतो. भरपाई पुन्हा बांधायला लागतं तेवढ्याची. ॲग्रीमेंट व्हॅल्यूचं नवं कलम काढून काही कंपन्या विकतात, पण त्यात नेमकं काय मिळणार ते पॉलिसीतच वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. आणि सोसायटीनेही इमारतीचा विमा काढलाय का ते सेक्रेटरींना विचारा. तो असला तरी तुमचं कपाट, टीव्ही त्यात धरत नाहीत.

मुठाकाठ
सिंहगड रोड म्हणजे नेमकं कुठे? २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत काय झालं ते आठवतंय ना?

कृष्णाकाठचा
तिसरा मजला आहे, म्हणून निश्चिंत होतो.

मुठाकाठ
गाडी तिसऱ्या मजल्यावर लावणार का? इंजिन प्रोटेक्शन घ्या. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघितलीत तर नुसत्या पॉलिसीत इंजिनचे पैसे मिळणं अवघड.

एमएच_१०
गाडी सांगली पासिंगची असेल तर आरटीओत पत्ता बदला, ३० दिवसांत कळवायचं असतं. विमा कंपनीलाही कळवा.

पर्वतीपायथा
तिसऱ्यांदा विचारतो. सांगलीचं घर विकलं का?

कृष्णाकाठचा
विकलेलं नाही. आई दिवाळीपर्यंत तिथेच राहणार आहे. आणि फ्लॅटचा ताबा ऑक्टोबरमध्ये, तोवर आम्ही धायरीत भाड्याने. याने काही फरक पडतो का?

पर्वतीपायथा
याने सगळंच बदलतं! सांगलीची पॉलिसी हलवूच नका. तुमचं घर, तुमची आई तिथेच आहे. पण त्यातलं सामानाचं कव्हर त्या पत्त्यावरचं. शनिवारी ट्रकमध्ये चढलेला फ्रिज धायरीत पोचला की त्याच्यावर कव्हर नाही. धायरीसाठी फक्त सामानाची पॉलिसी घ्या, भाडेकरूलाही मिळते. तिथेही आताच घरफोडीचं विचारा. फ्लॅटची पॉलिसी ताब्याच्या तारखेपासून.

बँकेत_२२_वर्षं
घर तारण आहे म्हणून विमा काढा असं बँक म्हणू शकते, पण आमच्याच कंपनीचा घ्या अशी सक्ती करता येत नाही. बाहेरून घ्या, पॉलिसीवर बँकेचं नाव घालून घ्या आणि प्रत शाखेत देऊन पोच घ्या. अडवलं तर नकार लेखी मागा.

निवृत्त_सर्व्हेअर
सामान बांधायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ काढा. प्रत्येक खोली, कपाट उघडून. फ्रिज, वॉशिंग मशीनचा सिरीयल नंबर वाचता येईल इतक्या जवळून. मूव्हर्सनी ‘ट्रान्झिट’चे, म्हणजे वाटेतल्या विम्याचे, टक्के लावले असतील तर विमा कंपनीच्या नावाचं सर्टिफिकेट मागा. त्यांच्या बिलावर नुसतं ‘विमा’ लिहिलं म्हणजे विमा नव्हे.

कृष्णाकाठचा
व्हिडिओचं वाचून पोटात कालवलं. २०१९ ला आमच्याकडे एक फोटो नव्हता. पाणी उतरल्यावर बिलांची फाईल उघडली तर पानांचा नुसता लगदा. आईचं शिलाई मशीन चिखलातून काढलं, चाक फिरेना. त्याचा एक रुपया मिळाला नाही, कारण ते होतं हे दाखवणार कसं? आत्ताच खोलीखोलीतून व्हिडिओ काढून बहिणीलाही पाठवलाय. बँकेला मेल केला. धायरीच्या सामानाचं कोटेशन मागवलंय, शुक्रवारपासून सुरू होईल असं बघतोय. एकच राहिलं: आईचं नवं मशीन ट्रकमध्ये घालू की सांगलीतच ठेवू?

ठाण्याची_वैनी
आईंना विचारा. दिवाळीपर्यंत त्या तिथे आहेत ना, मग मशीनही तिथेच राहू दे. जमिनीवर नको मात्र, जरा उंचावर ठेवा.