२५ ते ५४ वयाच्या बायकांचा श्रमशक्ती सहभाग गावात मोजायचा कसा?

तापीकाठ:
चोपडा तालुक्यातल्या तीन गावांत २५ ते ५४ वयाच्या बायकांचा श्रमशक्ती सहभाग दर, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांची टक्केवारी, काढायचा आहे. चाचणी फेरीत ‘व्यवसाय’ या रकान्यात जवळपास सगळीकडे ‘गृहिणी’ लिहून आलं, आणि त्याच घरांतल्या बायका कापूस वेचायला जातात. प्रश्न कसे विचारावेत? आकडा पीएलएफएसशी, म्हणजे सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाशी, ताडून पाहता येईल का?

आकडेमोड:
‘व्यवसाय’ हा शब्दच फॉर्ममधून काढा. पीएलएफएसची दोन मोजमापं आधी वेगळी समजून घ्या.

नेहमीची स्थिती मागच्या ३६५ दिवसांवर ठरते. वर्षाचा जास्त काळ कामात किंवा कामाच्या शोधात गेला, तर बाई मुख्य स्थितीनेच श्रमशक्तीत येते. तसं नसेल, पण मिळून किमान ३० दिवस काम झालं असेल, तर दुय्यम स्थितीने धरतात. दिवस सलग नसले तरी चालतात. चालू आठवड्याच्या स्थितीत मागच्या ७ दिवसांपैकी एखाद्या दिवशी निदान १ तास काम पुरतं.

समजा एका बाईचे निंदणीत ४० दिवस गेले, वेचणीत ७०. झाले ११०. मुख्य स्थिती घरकाम, म्हणजे पीएलएफएसचा कोड ९२. दुय्यम स्थिती मजुरी, कोड ५१. शेत घरचं असेल तर बिनपगारी मदतनीस, कोड २१. नुसता ९२ टाकून पुढे गेलात की तिचे ११० दिवस आकड्यातून गेलेच. तुमच्याकडे हेच होतंय.

कोड २१ चा आकडा अहवालात वेगळा दाखवा, ही कळकळीची विनंती. देशात १५ वर्षांवरच्या बायकांचा दर नेहमीच्या स्थितीने २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. यातली बरीचशी वाढ स्वयंरोजगारातली आहे आणि त्यात घरच्या बिनपगारी मदतनीसही येतात. हातात पैसा येणारं काम आणि न येणारं काम एकाच टक्क्यात मिसळलं, तर बायकांचं खरं चित्र दिसत नाही.

सातपुडा_पायथा:
उत्तर बाईकडूनच घ्या. सासऱ्याला विचारलं तर ‘घरनंच काम करस’ एवढंच येणार. वेचणीच्या दिवसांत ती सकाळीच शेतावर जाते, म्हणून दिवेलागणीनंतर जा.

‘काम करता का?’ असं विचारू नका, हंगाम धरून चाला. आषाढ-श्रावणात निंदणीला किती दिवस? दसरा-दिवाळीला वेचणीला किती? केळीच्या बागेत कधी? दूध डेअरीला जातं का, आणि धार कोण काढतं? प्रत्येकाचे दिवस लिहा, बेरीज तुम्ही करा. मजुरी किलोवर होती की रोजावर हे विचारलं की दिवस आपोआप आठवतात.

वयातही गफलत होते. अंदाजाने सांगितलेली वयं ० आणि ५ वर येऊन बसतात, त्यामुळे ५४ ची बाई ५५ ची होऊन गटाबाहेर पडते. शाळेच्या दाखल्यावरचा १ जूनही खरा असेलच असं नाही. थोरल्या लेकराचं वय आणि लग्नाचं वर्ष विचारून पडताळा.

आणि कुलूप लागलेली घरं वगळू नका. पायथ्याच्या पाड्यांवरची कुटुंबं मजुरीला बाहेरगावी गेलेली असतात, म्हणजे नेमक्या काम करणाऱ्या बायकाच गळतात. होळीला माणसं परततात, तेव्हा दुसरी फेरी ठेवा.

तापीकाठ:
समजलं. गणित आणि तुलना कशी करायची?

आकडेमोड:
काम करणाऱ्या अधिक बेरोजगार, भागिले त्याच वयाच्या सगळ्या बायका, गुणिले १००. उदाहरणादाखल २४० बायका धरा. मुख्य स्थितीने काम ८४, बेरोजगार ६ : दर ३७.५ टक्के. घरकाम मुख्य असलेल्यांपैकी ४८ जणींनी ३० किंवा जास्त दिवस काम केलं, त्या मिळवा : ५७.५ टक्के. बायका त्याच, फरक २० अंकांचा. म्हणून कुठली स्थिती धरली ते आकड्याशेजारीच लिहा.

२४० बायकांच्या नमुन्यावर चूक साधारण ६ टक्के-अंक इकडेतिकडे. पण एकाच गावातल्या बायकांचं काम सारखं असतं, त्यामुळे ती ९ पर्यंत धरा.

तुलनेसाठी पीएलएफएसचा छापील १५ वर्षांवरचा आकडा घेऊ नका, त्यात कॉलेजच्या मुली आणि म्हाताऱ्या आल्या. मूळ नोंदींतून २५ ते ५४ ग्रामीण महाराष्ट्र वेगळा काढा, भारांक (एक नोंद किती लोकांच्या जागी धरायची तो आकडा) लावून. २०२३-२४ पर्यंतच्या फाइलींत भारांकाला आधी १०० किंवा २०० ने भागायचं असतं आणि मग तिमाहींच्या संख्येने. कुठे १०० आणि कुठे २०० ते सोबतच्या वाचा-फाइलीत (रीडमी) दिलंय. आठवड्याचा आकडा जुळवायचा असेल तर महिनाही जुळवा, कारण मे महिन्यातलं गाव आणि कार्तिकातलं गाव एक नसतं.