मेळ्यात राबायला आम्ही हवेत, मग ठरवायला का नको?

मोकळं मैदान (धागाकर्ती)

नऊ वर्षं मी शहराच्या वार्षिक मेळ्यात स्वयंसेवक होते. स्टॉलची आखणी, हरवलेल्या मुलांचा कक्ष, रात्रीची आवराआवर, सगळं केलं. यंदा नाव दिलं नाही. कारण मांडते. मतं हवी आहेत, विरोधातली तर नक्कीच.

पत्रकात छापलेलं असतं की मेळा नगरपालिका आणि नागरिक यांच्या भागीदारीतून भरतो. प्रत्यक्षात जागा, तारीख, ठेकेदार, कशावर किती खर्च करायचा हे आमच्या पहिल्या बैठकीआधीच ठरलेलं असतं. बैठकीत फक्त कामं वाटली जातात. दोन वर्षांपूर्वी आत यायची आणि बाहेर पडायची वाट एकच ठेवली होती. संध्याकाळी तिथे कोंडी होणार, हे त्या दाराशी एकदा उभं राहिलेल्या कुणालाही कळलं असतं. आम्ही सांगितलं. "नोंद घेतली" म्हणाले, आराखडा तसाच राहिला. त्या संध्याकाळी एक आजोबा रेटारेटीत पडले. खरचटण्यावर निभावलं. लोक मात्र आमच्यावर चिडले, कारण बिल्ला आमच्या छातीवर होता.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ साली एका लेखात लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिसरी पायरी माहिती देण्याची, चौथी मत विचारण्याची, पाचवी नुसती समजूत काढण्याची. भागीदारी येते सहाव्या पायरीवर, आणि तिथे निर्णयाचा अधिकार वाटून घेतलेला असतो. आम्हाला उभं करतात चौथ्या पायरीवर आणि पत्रकात छापतात सहावी.

माझी मागणी साधी आहे. लेखी करार करा. मेळा समितीत स्वयंसेवकांना मत द्या, नुसती खुर्ची नको. आणि आराखडा पक्का करण्याआधी तो आमच्यासमोर ठेवा.

तिठा

मी पलीकडच्या बाजूने लिहितोय. अशा कार्यक्रमांच्या परवानग्यांचं काम अनेक वर्षं केलं आहे. त्या आजोबांबद्दल वाईट वाटलं आणि ती चूक आराखडा करणाऱ्यांचीच होती, यात वाद नाही. पण तुमचा उपाय मला पटत नाही.

समितीत दहा स्वयंसेवकांना मत दिलं आणि बहुमताने चुकीचा निर्णय झाला, तर जबाब कोण देणार? अधिकाऱ्याला नोटीस काढता येते, त्याची चौकशी लावता येते. स्वयंसेवक दुसऱ्या दिवशी "मी आता नाही" म्हणू शकतो, आणि तसं म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. विजेचा भार, अग्निशमन, रुग्णवाहिकेची वाट, गर्दीची मर्यादा हे मतदानाने ठरवायचे विषय नाहीत.

सेऊलमधल्या इतेवॉनचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री एका अरुंद गल्लीत झालेल्या चेंगराचेंगरीने १५९ माणसं गेली. त्या गर्दीला अधिकृत आयोजकच नव्हता. पोलीस आणि स्थानिक प्रशासन दोघांवरही बोट ठेवलं गेलं, पण 'हे माझं काम' असं आधीपासून धरून बसलेलं कुणी नव्हतं. जबाबदारी चार ठिकाणी वाटली की ती कुठेच उरत नाही. मला एकच नाव हवं, एकच सही हवी.

मोकळं मैदान

इतेवॉनचीच दुसरी बाजू बघा. त्या संध्याकाळी ६:३४ वाजल्यापासून लोक पोलिसांना फोन करून सांगत होते की इथे माणसं चिरडली जातील. दुर्घटना घडली रात्री सव्वादहाच्या सुमाराला. पावणेचार तासांत माहिती पोहोचली होती, फक्त तिला वजन नव्हतं. आमच्या दाराशी लहान प्रमाणात हेच झालं. सही तुमचीच असू द्या. पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं 'नोंद घेतली' या दोन शब्दांत मिटणार असेल, तर त्या सहीचा काय उपयोग?

सुतळी

दोघांशीही असहमत.

लेखी करार आला की मेळा गेला. आज शेजारीण म्हणते, "दोन तास मोकळी आहे, काय करू?" आणि कामाला लागते. उद्या तिच्यापुढे अर्ज, ओळखपत्र, पाळीचं वेळापत्रक आणि अटींची चार पानं येतील. ती परत येणार नाही. अशा मेळ्यांचा जीव या आपणहून येणाऱ्या माणसांत असतो.

आणि 'स्वयंसेवकांचे प्रतिनिधी' म्हणजे नेमकं कोण? ज्यांना संध्याकाळच्या बैठकीला यायला वेळ आहे ते. दोन नोकऱ्या करणारी, लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असलेली मंडळी मेळ्याच्या दिवशी येतात, समितीत कधीच येत नाहीत. तुम्ही अधिकार वाटाल तो पुन्हा त्याच पाच-सहा जणांना. नऊ वर्षं काम केलेल्या माणसाचा शब्द पहिल्यांदा आलेल्या मुलीपेक्षा जड ठरेल. नगरपालिकेच्या जागी फक्त जुन्या स्वयंसेवकांचं राज्य येईल, एवढंच.

मला वाटतं मेळा पूर्णपणे लोकांनी भरवावा. नगरपालिकेने मैदान, पाणी, शौचालयं आणि सुरक्षा द्यावी आणि बाजूला व्हावं.

कंदील

सुतळी, दोन तास मोकळ्या असलेल्या शेजारणीचं पटलं. पण तिच्या पायावर खांब पडला तर? कुणाचा विमा लागू होतो, हे मी एकदा प्रत्यक्ष विचारलं होतं. आयोजकांपैकी एकालाही सांगता आलं नाही. चार पानं नकोत, मान्य. एक पान हवंच: विमा कुणाचा, दुखापत झाली तर फोन कुणाला, पाळी किती तासांची, जेवणाची आणि पाण्याची सोय कोण करणार.

मानधनाचा विषय कुणी काढायच्या आत सांगते, थोडेसे पैसे देणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळकरी मुलं दारोदार देणग्या गोळा करत होती. ज्यांना अगदी थोडा मोबदला दिला, त्यांनी काहीच न मिळणाऱ्यांपेक्षा कमी रक्कम जमवली. मोबदला वाढवल्यावर काम सुधारलं, तरी ते फुकट काम करणाऱ्यांच्या पुढे गेलं नाही. किरकोळ पैसे हातात पडले की माणूस आपल्या कामाची किंमत तेवढीच धरतो.

लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुमारे ७०,००० स्वयंसेवक होते. पगार नव्हता, पण प्रशिक्षण, गणवेश, पाळीत जेवण आणि शहरातला प्रवास मिळत होता. ती माणसं मनापासून राबली.

तिठा

कंदील, त्याच उदाहरणात माझं म्हणणं आहे. त्या ७०,००० जणांना आराखड्यावर मत नव्हतं. निर्णय पगारी आयोजन समितीचे होते, तरी माणसं आनंदाने आली. म्हणजे अधिकार नसला की माणूस दुखावतोच असं नाही.

कंदील

ते आयुष्यात एकदा येणारं काम होतं, तिठा. दरवर्षी त्याच दाराशी उभं राहणाऱ्याचं तसं नसतं. त्याला गेल्या वर्षी काय चुकलं ते आठवतं, आणि यंदा तेच पुन्हा होताना बघावं लागतं.

तिठा

हे मात्र मला खोडता येत नाही.

मग माझ्या बाजूने कुठवर येऊ शकतो ते सांगतो. निधी आणि ठेके यांवर स्वयंसेवकांना मत नको, तिथे हितसंबंध शिरतात आणि लेखापरीक्षणात उत्तर मला द्यावं लागतं. पण एक अधिकार मी आजच लिहून देईन: दाराशी असलेल्या स्वयंसेवक-प्रमुखाला धोका वाटला तर कुणालाही न विचारता प्रवेश थांबवता येईल. आधी दार बंद, नंतर चर्चा. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये पाचच्या वर माणसं गेली की हालचाल स्वतःच्या हातात राहत नाही, आणि ते कार्यालयात बसलेल्याला दिसत नाही. त्याने दार विनाकारण बंद केलं तरी त्याला बोल लागणार नाही, हेही त्याच कागदावर.

सुतळी

हे चांगलं आहे. पण तो प्रमुख दरवर्षी बदला, नाहीतर माझा मुद्दा खरा ठरेल.

मोकळं मैदान

बदलायला हरकत नाही, सुतळी. आदल्या वर्षीच्या प्रमुखाने नव्याच्या सोबत एक पूर्ण संध्याकाळ दाराशी उभं राहायचं, एवढं जोडा. दार कधी भरतं ते सांगून कळत नाही.

तिठा, निधीवरचं मत मी सोडलेलं नाही. हरवलेल्या मुलांच्या कक्षाला पंखा नव्हता आणि व्यासपीठाला दुसरी कमान होती, हे मी विसरू शकत नाही. खर्चाचा तक्ता निदान ठेके निघायच्या आधी आम्हाला दाखवा. मत नंतर मागू. दार थांबवायचा अधिकार खरंच लेखी मिळत असेल, तर माझं नाव पुन्हा लिहून घ्या. पहिली पाळी त्याच दाराशी द्या.