घालवली, गेली की हिरावली? बेसबॉलमधल्या हातच्या आघाडीसाठी मराठी शब्द

प्रश्न

गेली अनेक वर्षे मी बॉस्टनजवळ राहतो आणि इथल्या रेड सॉक्स संघाचे सामने मनापासून पाहतो. या खेळातल्या एका प्रसंगासाठी मला नेमका मराठी शब्द हवा आहे. संघ सामन्याचा बहुतेक वेळ आघाडीवर असतो, आठव्या किंवा नवव्या इनिंगपर्यंत सारे ठीक चालते आणि मग शेवटचे दोन-तीन गडी बाद करायचे राहिले असताना ती आघाडी जाते. इथल्या चाहत्यांचा सर्वाधिक संताप याच पराभवावर असतो. सुरुवातीपासून मागे पडून हरलेला सामना ते दुसऱ्या दिवशी विसरतात, पण असा हरलेला सामना त्यांना तीस-तीस वर्षे आठवतो.

हा खेळ ज्यांच्या ओळखीचा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बेसबॉलमध्ये घड्याळ संपले म्हणून सामना संपत नाही, आणि चेंडूंचीही मर्यादा नसते. इनिंग म्हणजे डावाचा एक टप्पा, त्यात प्रत्येक संघाचे तीन गडी बाद व्हावे लागतात, म्हणजे नऊ इनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याचे सत्तावीस गडी बाद करावेच लागतात. त्यामुळे फुटबॉलमध्ये किंवा कबड्डीत आघाडीवरचा संघ जसा वेळ काढतो, तसा इथे काढता येत नाही. शेवटचा गडीसुद्धा चेंडू टाकूनच मिळवावा लागतो. या शेवटच्या कामासाठी संघात एक खास पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, असतो, त्याला क्लोजर म्हणतात. तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना तो मैदानात आला आणि निदान एक इनिंग टाकून त्याने सामना जिंकून संपवला, तर त्याच्या नावावर ‘सेव्ह’ लागतो. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी ही कल्पना मांडली आणि 1969 पासून ती अधिकृत नोंदींत आली. तो मैदानात असताना बरोबरीची धाव झाली की त्याच्या नावापुढे ‘ब्लोन सेव्ह’ लिहिला जातो, मग ती धाव क्षेत्ररक्षकाच्या चुकीने झालेली का असेना.

गेल्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती. आमचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले, व्हरांड्यात रेडिओवर सामना ऐकत बसतात. त्या संध्याकाळी नवव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी होती. क्लोजरने पहिल्याच फलंदाजाला चार बॉल (टप्प्याबाहेरचे चेंडू) देऊन फुकट पहिल्या बेसवर (चारही बेस, म्हणजे ठाणी, फिरून आले की धाव होते) पाठवले, तेव्हा त्यांनी रेडिओचा आवाज निम्मा केला. पुढच्याने चेंडू उजवीकडे मारला आणि पहिला धावपटू तिसऱ्या बेसवर पोहोचला, तेव्हा त्यांनी आवाज इतका कमी केला की समालोचकाचे शब्द कळेनात, नुसती कुजबुज ऐकू येत होती. पण रेडिओ बंद मात्र केला नाही. सामना गेल्यावर ते काही बोलले नाहीत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत बसले. आईला या खेळातले काही कळत नाही. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला म्हणाली, “घालवली ना रे शेवटी?” शेजाऱ्यांनी विचारले, आई काय म्हणाली? मला ते धड सांगता आले नाही.

आपल्या वृत्तपत्रांत अशा वेळी ‘आघाडी गमावली’ असे छापतात. ते चूक नाही, पण त्यात तो रेडिओ ऐकू येत नाही. ‘घालवली’ हा शब्द ग्राम्य मानावा का? ‘सेव्ह’ आणि ‘ब्लोन सेव्ह’ यांना मराठी शब्द करता येतील का? आणि चाहत्याच्या मनाच्या त्या अवस्थेला ‘निराशा’ म्हणावे की आणखी काही? जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर

आपल्या मातोश्रींनी वापरलेला शब्द ग्राम्य नाही, आणि माझ्या मते या प्रसंगाला त्याहून नेमका शब्द मराठीत नाही. ‘हरणे’ आणि ‘घालवणे’ यांत मोठा फरक आहे. हरण्यासाठी आपल्याकडे आधी काही असावे लागत नाही. घालवण्यासाठी मात्र ती वस्तू आपली असावी लागते: माणूस पैसे घालवतो, अब्रू घालवतो, हातची नोकरी घालवतो. (कोकणात आपण पाहुण्याला एसटीपर्यंत ‘घालवून’ येतो, तेव्हाही तो पाहुणा आधी आपल्या घरी असतो.) सामना सत्ताविसावा गडी बाद होईपर्यंत कोणाचाच नसतो हे चाहत्याला ठाऊक असते, तरीही आठव्या इनिंगमध्ये त्याच्या मनाने तो घरात आणून ठेवलेला असतो. ‘गमावली’ हे क्रियापदही मालकी मानते, पण त्यात दोष कोणाचा हे मोघम राहते. माणूस अपघातात हातही गमावतो. ‘घालवली’ म्हटले की समोर एक माणूस उभा राहतो आणि त्याच्याकडे बोट जाते.

मराठीत या एका घटनेसाठी क्रियापदांची एक उतरंडच आहे आणि प्रत्येक पायरीवर दोष वेगळ्या ठिकाणी जातो. ‘आघाडी गेली’ म्हणजे कोणाचाच दोष नाही. ‘निसटली’ म्हणजे पकड सैल होती, पण हेतू चांगला होता. ‘घालवली’ म्हणजे दोष आपला. ‘उधळली’ म्हणजे दोष आपला आणि बेफिकिरीही आपलीच. शेवटच्या इनिंगमध्ये एकामागून एक तीन फलंदाजांना फुकट बेसवर पाठवणाऱ्या पिचरसाठी हाच शब्द योग्य ठरेल. ‘हिसकावली’ म्हणजे समोरच्याने पराक्रम केला. ‘हिरावली गेली’ म्हणजे दैवाने नेली. ‘मोडली’ मात्र आघाडीसाठी वापरू नये, कारण महाराष्ट्रातला वाचक ‘आघाडी मोडली’ वाचताच राजकीय पक्षांचा विचार करू लागेल.

‘हातातोंडाशी आलेला घास हिरावला’ हा वाक्प्रचार अशा बातम्यांत सर्रास दिसतो, पण तो मला इथे पटत नाही. काढणीला आलेल्या पिकावर अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की आपण तो वापरतो. तिथे शेतकऱ्याची काही चूक नसते. क्लोजरच्या हातून सुटलेला सामना ही गारपीट नव्हे. त्यापेक्षा ‘हत्ती गेला आणि शेपूट राहिले’ ही म्हण अधिक जुळते, कारण सव्वीस गडी गेले आणि सत्ताविसावा अडला, हेच तर त्या सामन्याचे दुखणे असते. क्रिकेटच्या वृत्तांतातले ‘डाव गडगडला’, ‘ढेपाळला’ हे शब्दही इथे आणू नयेत. ते फलंदाजीच्या पडझडीचे आहेत आणि इथे पडझड चेंडू टाकणाऱ्या बाजूची होते.

‘अवसानघात’ या शब्दाचाही विचार करावा असे वाटते. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट, तर मराठी बोलण्यात अवसान म्हणजे धीर, बळ: आपले अवसान गळते, आपण उसने अवसान आणतो. त्यामुळे बेसबॉलच्या शेवटच्या इनिंगमध्ये हा शब्द दोन्ही अंगांनी लागू पडतो. तरी तो जपून वापरावा, कारण ऐन वेळी साथ सोडणाऱ्यालाही आपण अवसानघातकी म्हणतो आणि त्यात दगाबाजीचा वास आहे. चाहत्याला त्या क्षणी दगाच झाल्यासारखा वाटतो हे खरे, पण वृत्तांत लिहिणाऱ्याने पिचरवर तो आरोप करू नये.

‘सेव्ह’ला मी ‘राखण’ म्हणेन. पेरणारा, खुरपणारा कोणी वेगळा असला, तरी कणसे भरल्यावर पाखरांपासून आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला रात्री माळ्यावर जो बसतो तो राखणीला बसलेला असतो. क्लोजरचे काम हुबेहूब हेच आहे: पीक इतरांनी उभे केलेले असते, तो शेवटच्या प्रहरी येतो आणि रान त्याच्यावर सोपवले जाते. राखण करूनही पीक वाढत नाही, ते फक्त राहते. म्हणून त्याच्या यशाकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि एका रात्रीची डुलकी सगळ्या गावाला कळते. यावरून ‘ब्लोन सेव्ह’ला ‘हुकलेली राखण’ म्हणता येईल.

आता मनाच्या अवस्थेविषयी. ‘निराशा’ फार पसरट आहे. ‘हळहळ’ दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलही वाटते आणि तिच्यात राग नसतो. ‘चुटपुट’ थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची असते, ती मनाला बारीक टोचत राहते. दुसऱ्या दिवशी कामावर असताना चाहत्याला जे वाटते ते हेच असावे. पण सामना हातून जात असताना जे होते त्याला ‘चडफड’ म्हणतात. राग आहे, तो कोणावर आहे हेही ठाऊक आहे, पण आपल्याला काहीएक करता येत नाही, अशा माणसाचे चडफडणे असते. आपले शेजारी रेडिओचा आवाज कमी करत होते, कारण तेवढेच त्यांच्या हातात होते.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा

‘राखण’ हा शब्द वाचून फार समाधान झाले. कोकणात आणि गोव्यात गावाच्या वेशीवरच्या दैवतालाही राखणदार म्हणतात, म्हणून क्लोजरला राखणदार म्हटले तर त्याच्यावर नको इतका भार पडेल, अशी शंका प्रथम आली. पण न्यूयॉर्क यांकीजच्या मारियानो रिव्हेराची आठवण झाली आणि शंका मिटली. त्याच्या नावावर 652 राखणी आहेत, हा विक्रम आहे, आणि यांकीजचे चाहते त्याच्यावर खरोखर वेशीच्या दैवतासारखा भरवसा ठेवत. म्हणूनच 2001 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या मालिकेच्या, सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये 2-1 अशी आघाडी असताना त्याची राखण हुकली आणि ॲरिझोनाने 3-2 असा सामना जिंकला, तेव्हा न्यूयॉर्कला ते कितीतरी वेळ खरेच वाटले नाही.

आपली क्रियापदांची उतरंड मी बॉस्टनच्या सर्वांत दुखऱ्या सामन्याला लावून पाहिली आणि तिने माझेच एक जुने मत बदलले. 25 ऑक्टोबर 1986 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना झाला. न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाविरुद्ध, बरोबरीमुळे लांबलेल्या सामन्याच्या दहाव्या इनिंगमध्ये रेड सॉक्स 5-3 असे पुढे होते, दोन गडी बाद झाले होते, बेसवर कोणी नव्हते, आणि 1918 नंतरचे पहिले विजेतेपद एका गड्यावर आले होते. धावफलकावर बॉस्टनच्या अभिनंदनाची अक्षरे क्षणभर झळकूनही गेली. त्यानंतर मेट्सने लागोपाठ तीन फटके मारले आणि 5-4 झाले. मग पिचरचा एक भरकटलेला चेंडू यष्टिरक्षकासारख्या बसलेल्या कॅचरला चुकवून मागे गेला आणि 5-5 झाले. आणि मग मूकी विल्सनने मारलेला सरपटता चेंडू पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला आणि 6-5 असा सामना संपला. दोन दिवसांनी सातव्या सामन्यातही रेड सॉक्सची 3-0 ही आघाडी टिकली नाही.

इथे पुढची अनेक वर्षे लोक म्हणत राहिले की ती आघाडी बकनरने घालवली. मीही तसेच म्हणत आलो. पण ‘घालवण्यासाठी ती वस्तू आपली असावी लागते’ हे आपले वाक्य वाचल्यावर मी तो क्रम कागदावर मांडला, तेव्हा दिसले की चेंडू बकनरकडे आला तेव्हा आघाडी उरलीच नव्हती, ती आधीच्या चेंडूंवर गेली होती. त्याने तो चेंडू अडवला असता तर सामना बरोबरीत पुढे गेला असता, इतकेच. म्हणजे बकनरच्या हातून सामना निसटला असे म्हणता येईल, पण आघाडी त्याने घालवली असे मराठीत म्हणणे चुकीचे आहे, आणि ते मी यापुढे म्हणणार नाही. 2004 मध्ये संघाने विजेतेपद मिळवले. 2008 च्या एप्रिलमध्ये बकनर फेनवे पार्कवर, म्हणजे रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, मोसमाचा पहिला मानाचा चेंडू टाकायला आला, तेव्हा प्रेक्षक उभे राहून बराच वेळ टाळ्या वाजवत होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

एक शब्द मात्र अजून अडला आहे. यजमान संघ शेवटच्या फटक्यावर सामना जिंकतो तेव्हा त्याला इथे ‘वॉक-ऑफ’ म्हणतात. आज तो विजेत्याचा शब्द आहे, वृत्तपत्रे तो आनंदाने छापतात. परंतु त्याचे श्रेय क्लोजर डेनिस एकर्स्लीला दिले जाते, आणि त्याच्या तोंडी तो चेंडू टाकणाऱ्याचा शब्द होता: असा फटका बसला की मागे वळून पाहण्यासारखे काही उरत नाही, पिचर मान खाली घालून चेंडू टाकण्याच्या टेकाडावरून उतरतो आणि चालू लागतो. 1988 च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात लॉस एंजेलिसच्या कर्क गिब्सनने, दोन्ही पाय दुखावलेले असताना, याच एकर्स्लीच्या चेंडूवर होमरन (मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला आणि एकर्स्लीच्या संघाच्या 4-3 अशा आघाडीचा 5-4 असा पराभव झाला. एकर्स्लीला तेव्हा स्वतःच दिलेल्या शब्दाप्रमाणे चालत जावे लागले.

आपल्याकडे ‘विजयी फटका’ हा शब्द रुळला आहे, पण त्यात ते चालत जाणे येत नाही. ‘काढता पाय घेणे’ यात पळवाट आहे, ‘तोंड लपवणे’ यात अपराध आहे, आणि एकर्स्ली त्या रात्री ना पळाला ना लपला. पत्रकारांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने उत्तर दिले. राखणीला बसलेला माणूस पीक गेल्यावर सकाळी माळ्यावरून उतरून गावाकडे येतो, त्या येण्याला शेतकरी घरांत काही शब्द असेल तर तो मला हवा आहे.