मदत हवी आहे: मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींतला टीबी, सर्वेक्षणाला निधी कोण देईल?

नमस्कार मंडळी,

मानखुर्दला आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. टीबीच्या पेशंटच्या गोळ्यांचा खाडा पडू नये म्हणून पाठपुरावा करणं, त्यांना हेल्थ पोस्टला नेणं, निक्षय पोषणचे (पेशंटच्या आहारासाठी सरकार देतं ते) पैसे खात्यात पडले का बघणं, हे आमचं रोजचं काम. औषध फुकट आहे. पोषणाचे पैसेही नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० चे १००० झाले. तरीही एक जण बरा होतो न होतो, तोच त्या घरातलं दुसरं कुणी खोकायला लागतं.

रूम २२५ चौरस फुटांची. तळमजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. खिडकी आहे, पण समोर लगेच दुसऱ्या इमारतीची भिंत आणि मधल्या गल्लीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा. वास आणि उंदीर नकोत म्हणून बायका खिडकी बंदच ठेवतात. अशा घरात सहा माणसं झोपतात.

डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींचा अभ्यास केला होता, तो २०१८ मध्ये गाजला. ऊन-वारा न मिळणारी घरं आणि टीबी यांचा संबंध त्यात दिसला. आम्हाला त्यापुढे जायचंय. गल्ली साफ ठेवली, खिडकीला जाळी आणि एक्झॉस्ट फॅन बसवला तर खिडक्या उघड्या राहतात का, घरातली हवा बदलते का, हे वर्षभर मोजायचंय. सर्वेक्षण वस्तीतल्याच शिकलेल्या मुली करतील आणि त्यांना मानधन मिळालंच पाहिजे. गरीब वस्तीतल्या मुलींकडून ‘समाजसेवा’ म्हणून फुकट काम करून घेणं मला अजिबात पटत नाही.

एका कंपनीच्या सीएसआर (नफ्यातला वाटा समाजकार्याला देणाऱ्या) विभागात गेले होते. लाभार्थी किती, मार्चच्या आत खर्च होईल का, एवढंच विचारलं. शिधा किट वाटणार असाल तर लगेच देऊ म्हणाले. किटची गरज आहेच हो, पण लोक आजारी का पडतात हे शोधायला कुणीच पैसे देणार नाही का?

१२ए, ८०जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा निधी घेण्यासाठीची नोंदणी) झालंय. एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्याची नोंदणी, नाही. कुठे अर्ज करू? आणि आरोग्याचा अभ्यास म्हटला की एथिक्स कमिटीची (अभ्यासातल्या माणसांना अपाय होणार नाही ना हे बघणाऱ्या समितीची) मंजुरी लागते, ती आमच्यासारख्यांनी कुठून आणायची?

प्रतिसाद:
ताई, प्रस्तावात ‘संशोधन’ हा मथळा देऊ नका. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत संशोधनाचा पैसा मुख्यतः सरकारी विद्यापीठं, आयआयटी अशांसाठी आहे. प्रतिबंधात्मक आरोग्य मात्र त्याच यादीत पहिल्याच कलमात येतं. तिथे बसवा आणि सर्वेक्षण त्याचाच भाग म्हणून दाखवा. मार्चचं म्हणाल तर कंपनीने ‘चालू प्रकल्प’ ठरवला की सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. मोठ्या संस्थेकडचा परदेशी निधी मात्र तुमच्याकडे वळवता येणार नाही, २०२० पासून ते बंद आहे.

धागाकर्ती:
खूप आभार! चालू प्रकल्पाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, प्रस्ताव तसा पुन्हा लिहिते. एथिक्स कमिटीचं अजून अडलंय. टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) देवनारला, आमच्या अगदी जवळ. तिथे किंवा एखाद्या समाजकार्य महाविद्यालयात कुणी शिकवत असेल तर सांगा, एखादे प्राध्यापक या अभ्यासात सोबत आले तर त्यांच्या कमिटीकडे अर्ज करता येईल का?