कुकरच्या शिट्टीचा मूळपुरुष
प्रेशर कुकर हा विसाव्या शतकातला शोध असं बरेचदा म्हटलं जातं, त्यात थोडी भर. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला असं बंद भांडं दाखवलं होतं. त्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. खरी कमाल त्याच्या झडपेची. तरफेला वजन लटकवलेलं, दाब वाढला की वाफ झडप उचलून बाहेर पडणार. आपली शिट्टी त्याच तत्त्वावर चालते.

आमच्या सातारा जिल्ह्यात कुकरचं मोल महाबळेश्वरला कळतं. तिथे उंचीमुळे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये तेच पाणी ११५ अंशांच्या वर जातं. आणि हो, शिट्टीखालच्या नळीत डाळीचा फेस वाळून बसतो. झाकण लावण्याआधी उजेडाकडे धरून नळी आरपार दिसते ना, एवढं बघाच.